मुटोंबोंचे रुग्णालय आणि नागपाड्याचे मैदान

अमेरिकेतील नामवंत बास्केटबॉलपटू डिकेम्बे मुटोंबो यांचे ३० सप्टेंबर २०२४ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मेंदूच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या खेळाइतकीच त्यांच्या दानाची चर्चा जगभर झाली. त्या निमित्ताने आम्हांला आपल्या महाराष्ट्राकडे पाहावेसे वाटते.

काँगोची राजधानी किन्शासा येथे जन्मलेले मुटोंबो १९८७ साली शिष्यवृत्तीवर जॉर्जटाऊन या येशूसंघीय विद्यापीठात आले ते डॉक्टर होण्यासाठी. सात फूट दोन इंच उंचीचा विद्यार्थी बास्केटबॉल प्रशिक्षकांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. १९९१ ते २००९ अशी अठरा वर्षे ते एनबीए स्पर्धेत व्यावसायिक म्हणून खेळले. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान त्यांना चार वेळा मिळाला. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेतच अडवायचा आणि मग तर्जनी हलवून ‘येथे नाही’ असे खुणावायचे, ही त्यांची लकब प्रेक्षकांना फार आवडे.

खेळाडू यशस्वी होत असतानाच घरी मात्र दुःख आले. देशातील अशांततेमुळे रस्ते बंद होते. आजारी आईला रुग्णालयात नेता आले नाही आणि तिचे निधन झाले. मुटोंबोंनी आपल्या मिळकतीतील कोट्यवधी डॉलर घालून किन्शासात तीनशे खाटांचे रुग्णालय उभारले व त्याला आईचे, बियाम्बा मारी यांचे, नाव दिले. २००७ पासून तेथे रुग्णसेवा सुरू झाली. डॉक्टर व्हायला निघालेला मुलगा अशा वळणाने रुग्णांपर्यंत पोहोचला!

आपल्याकडे असे का घडत नाही, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न थोडा अन्यायाचा आहे. दान मिळकतीतून होते आणि आपल्या बास्केटबॉलपटूला मिळकतच नाही. २०१५ साली देशात व्यावसायिक लीग सुरू झाली, ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघही उभा राहिला. पण २०१७ नंतर ती लीग बंद पडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन सामने मुंबईत वरळीला झाले, हजारो शालेय मुलांनी ते पाहिले. पाहुणे परत गेले. आपला खेळाडू आजही रेल्वेची किंवा पोलिसांची नोकरी मिळाली तर सुटकेचा निःश्वास टाकतो.

तरीही मुंबईच्या नागपाड्याने वेगळे दान पाहिले आहे. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ साली तेथे ‘नेबरहूड हाऊस’ उघडले. त्याचे संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये त्याच परिसरात समाजकार्याची जी शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मिशनरी प्रोटेस्टंट, वस्ती मोठ्या प्रमाणात मुस्लिम. खेळाला त्याचे काही वाटले नाही. त्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतून देशासाठी खेळणारे बास्केटबॉलपटू निघाले. भारताचे कर्णधारपद भूषविणारे व १९७० सालचा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. मोठे झाल्यावर ते मुलांना शिकवीत राहिले. मुलांच्या पिढ्या घडविणाऱ्या बचूखान यांचे नाव तेथील महापालिकेच्या मैदानालाच दिले आहे. या माणसांनी पैसा दिला नाही, कारण तो नव्हता. त्यांनी संध्याकाळी दिल्या. आमच्या मते हे दान किन्शासाच्या रुग्णालयापेक्षा लहान नाही, फक्त त्याची मोजदाद करणे अवघड आहे.

आता मावळाकडे वळू. घोरावाडी हे तळेगावच्या अलीकडचे लहानसे लोकल स्थानक. तेथील मुलामुलीला हा खेळ नीट शिकायचा असेल तर बहुधा पुण्याच्या दिशेनेच लोकल पकडावी लागेल. परतीला अंधार होणार, आणि मुलगी असेल तर घरचे पाठवणारच नाहीत. वास्तविक या खेळाला लागते किती? पूर्ण मैदान अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद. सरावाला त्याचा अर्धा भागही पुरतो. दहा फुटांवर एक कडे आणि शिकविणारा एक माणूस. आपल्या कित्येक शाळांच्या व धर्मग्रामांच्या आवारात एवढी जागा आहे. शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते, रविवारी तेथे मोटारी उभ्या राहतात. कुलपाची किल्ली संध्याकाळी दोन तास कोणाकडे द्यायची, एवढाच प्रश्न धर्मग्राम समितीच्या पुढील सभेत घेता येईल.