डोंगरातलं पाणी कोण मोजणार?

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ची रात्र. तिन्ही गावांवर दरड कोसळली आणि प्रत्येक वेळी अतिवृष्टीकडे बोट दाखवलं गेलं. ते खोटं नाही, अपुरं आहे.

१. पाऊस आभाळातून पडतो, पण दरड सुटते ती मातीत साठलेल्या पाण्याच्या दाबाने. सह्याद्रीच्या उतारावर अनेक ठिकाणी माती-मुरमाचा थर आणि खाली कातळ. मुरलेलं पाणी कातळाशी अडतं आणि उताराच्या दिशेने सरकू लागतं. येणारं पाणी जाणाऱ्यापेक्षा वाढलं की थर तळापासून भरत वर येतो.

२. हे गणित जुनं आहे. मातीतून पाणी किती वेगाने झिरपेल, याचा नियम आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये फ्रान्समध्ये मांडला. उतार, थराची जाडी, पारगम्यता (माती पाणी किती सहज जाऊ देते) आणि पाऊस हाती असले की पाणी कुठवर चढेल याचा अंदाज बांधता येतो. त्यातून निघणारा आकडा झोप उडवणारा आहे. चिकटपणा नसलेली जी माती कोरडी असताना ३४ अंशांच्या उतारावर जेमतेम तग धरते, ती पूर्ण भिजून उताराला समांतर पाणी वाहू लागलं की सुमारे १९ अंशांवरच टिकते. पाणी मातीचं जवळपास निम्मं वजन तोलून धरतं, त्यामुळे घर्षण घटतं. खाली ओढणारा भार मात्र कमी होत नाही.

३. हे गणित असताना आपण विसंबतो ते दरडप्रवण गावांच्या यादीवर. इर्शाळवाडी त्या यादीत नव्हती. आणि असती तरी? यादी जागा सांगते, वेळ सांगत नाही.

४. ‘अशा गणितावर बेतलेली मॉडेल चुकतात,’ असं अधिकारी म्हणतील. चुकतातच. खेकड्यांची बिळं, कुजलेली मुळं, जमिनीतल्या भेगा समीकरणात सहज बसत नाहीत. म्हणून तर धोक्याच्या उतारांवर भोकं घेऊन पाण्याचा दाब मोजणारी यंत्रं बसवायची आणि त्या नोंदींवर मॉडेल सुधारत न्यायचं. यादीत अशी सुधारणा कोण करतं?

५. वेळ सांगणारा इशारा देता येतो. १९७२च्या भीषण दरडींनंतर हाँगकाँगने १९७७ पासून पावसाच्या नोंदींवर दरडीचा इशारा द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे निदान धोक्याच्या प्रत्येक वाडीजवळ तासागणिक नोंद करणारं पर्जन्यमापक हवं आणि पावसाने ठरलेली मर्यादा ओलांडताच वरच्या आदेशाची वाट न पाहता वाडी हलवण्याचा अधिकार तहसीलदाराला हवा.

डोंगराखाली राहत असाल तर पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत लेखी विचारा: आमच्या उतारावर पाण्याचा दाब कोण मोजतं, आणि तो आकडा आम्हाला कधी कळणार?