धनुष्य धरू नका, टेकवा

बर्लिनला २०२३ मध्ये साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीचे जगज्जेते झाले, याचे कौतुक घराघरांत झाले. त्या कौतुकापोटी मुलांना महागडे धनुष्य घेऊन देणारे पालक मनगटाच्या साध्या पट्ट्याकडे मात्र ‘तो नंतर बघू’ म्हणून पाठ फिरवतात. हे उलटे आहे.

बाण सुटला की धनुष्य हातातून पुढे झेपावते. पट्टा नसेल तर ते पडेल या धास्तीने मूल त्याची मूठ गच्च आवळते. बऱ्याचदा बाण सुटण्याच्या ऐन क्षणी. बोटे मिटली की धनुष्य किंचित पिळले जाते आणि बाण डावी-उजवीकडे सरकतो. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १२.२ सेंटिमीटर व्यासाचे असते. तिथे एवढा पीळही महागात पडतो.

नेम चुकला तर पुन्हा साधता येतो, कोपराचे तसे नाही. मूठ आवळताना मनगट स्थिर ठेवण्यासाठी हाताच्या मागच्या बाजूचे स्नायूही ताणलेले राहतात. त्यांचा उगम कोपराच्या बाहेरच्या हाडाशी. नुसत्या मानांकन फेरीत ७२ बाण असतात, रोजचा सराव वेगळाच. हा ताण साचत गेला की ‘टेनिस एल्बो’ होतो. (त्यासाठी टेनिस खेळावेच लागते असे नाही.) मग चहाचा कप उचलतानाही कळ येते आणि बरे व्हायला कित्येकदा महिने जातात.

पट्टा असला की भीती जाते. धनुष्य अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर नुसते टेकते, बोटे सैल राहतात. कंपाउंडवाले बहुधा मनगटाला पट्टा लावतात, रिकर्व्हवाले बोटांत दोरी अडकवतात. बुटाची नाडीही चालते, तेव्हा खर्चाची सबब नको.

तो करकचून मात्र बांधू नये. मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूस त्वचेलगत एक नाजूक मज्जातंतू असतो. तो दाबला गेला तर अंगठ्याच्या पाठीला मुंग्या येतात. धनुष्य थोडे पुढे जाऊन मग अडकेल इतका सैलपणा हवा. ‘आमच्या वेळी असले लाड नव्हते’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांनी शिष्यांचे कोपर एकदा दाबून पाहावेत. पट्टा पहिल्याच दिवशी, धनुष्याबरोबर द्यावा. आवळण्याची सवय एकदा मुरली की नंतर पट्टा बांधूनही मूठ सहजी सुटत नाही.