छतावरचे युनिट आणि घड्याळाचा दर

दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर कमी-जास्त ठेवण्याच्या पद्धतीला टीओडी म्हणतात. महाराष्ट्रातील कारखान्यांना ही पद्धत जुनी आहे. घरगुती ग्राहकांपर्यंत ती अलीकडे पोहोचली. केंद्राच्या जून 2023 च्या सुधारित वीज ग्राहक हक्क नियमांनी शेती वगळून इतर ग्राहकांसाठी तिची दिशा ठरवली: उन्हाच्या आठ तासांत दर किमान 20 टक्के कमी, आणि मागणीच्या ऐन काळात कारखाने व व्यापारासाठी सर्वसाधारण दराच्या किमान 1.20 पट, तर इतरांसाठी किमान 1.10 पट. महाराष्ट्रात स्मार्ट मीटर बसलेल्या घरांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून पुढे 1 रुपयापर्यंतची सवलत 1 जुलै 2025 पासून जाहीर झाली. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा येथील ज्या घरांच्या छतावर सौर पॅनेल आहेत आणि दारात विजेवरची गाडी आहे, त्यांच्यापुढे यातून तीन मते उभी राहतात. तिन्ही तपासून घेतली पाहिजेत.

पहिले मत असे की, वेळेचा दर ही निव्वळ लूट आहे आणि नवा मीटर हे तिचे साधन. स्मार्ट मीटरविषयीचा लोकांचा संशय अकारण नाही, कारण बिलाबाबतच्या शंकांना समजेल अशी उत्तरे वेळेवर मिळाली नाहीत. पण म्हणून वेळेचा दर हे तत्त्वच चुकीचे ठरत नाही. दुपारी सौर प्रकल्पांची वीज भरपूर असते आणि तिला इंधनाचा खर्च नसतो. सूर्य मावळला की तीच मागणी कोळशावर आणि जलविद्युतेवर येते. वणी परिसरातल्या खाणींतून कोळसा निघतो, शेजारच्या चंद्रपुरात 2,920 मेगावॅटचे औष्णिक केंद्र उभे आहे. रात्रीच्या युनिटाची किंमत काय असते, हे या भागाने धुळीच्या आणि राखेच्या रूपात पाहिले आहे. दुपारची वीज स्वस्त असेल, तर त्या स्वस्ताईतला वाटा घरगुती ग्राहकालाही मिळणे न्याय्यच आहे.

दुसरे मत गाडीवाल्यांत पक्के रुजले आहे: गाडी रात्री चार्जिंगला लावावी, रात्रीची वीज स्वस्त असते. एके काळी यात तथ्य होते. औष्णिक केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत आणि मागणी मात्र घसरते. म्हणून राज्यातील कारखान्यांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सूट मिळत असे, तर सकाळी 9 ते 12 आणि सायंकाळी 6 ते 10 या वेळांत अधिभार लागत असे. सौरविजेचा वाटा वाढला तशी स्वस्ताईची वेळ रात्रीकडून दुपारकडे सरकली. घरगुती ग्राहकाला रात्रीची ती सूट कधी नव्हतीच. त्यामुळे यवतमाळच्या घरात मध्यरात्री गाडी लावल्याने दराचा कोणताही फायदा होत नाही.

तिसरे मत वीज वितरणाच्या बाजूचे आहे आणि ते सर्वांत वजनदार आहे. सौर ग्राहक दुपारी नको असलेली वीज तारांत सोडतो, संध्याकाळी महागडी वीज परत घेतो आणि हिशेब युनिटाला युनिट असा लावतो. म्हणजे साऱ्या यंत्रणेचा तो फुकटची बॅटरी म्हणून उपयोग करतो आणि त्याचा भार इतरांवर पडतो. संध्याकाळची वीज महाग असते, हे यातले म्हणणे खरे आहे. पण छतावरचे युनिट दुपारी नको असते, हे यवतमाळच्या बाबतीत खरे नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि भर दुपारी घरोघरी कूलर सुरू असतात. एका छतावरचे जादा युनिट त्याच डीपीवरच्या शेजारच्या घरात वापरले जाते. ते दूरच्या केंद्रातून आणावे लागत नाही, त्यामुळे वाटेतली गळती वाचते. शिवाय वीजपुरवठा खंडित झाला की बॅटरी नसलेली छतावरची यंत्रणाही सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. वादळी पावसात सौर घरही शेजाऱ्याइतकेच अंधारात बसते. अशा व्यवस्थेला फुकटची बॅटरी म्हणता येत नाही.

खरा धोका दरात नसून वजावटीच्या सूत्रात आहे. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या छतावरील अक्षय ऊर्जा विनियमांत टीओडी ग्राहकासाठी असे सूत्र आहे की, ज्या वेळखंडात वीज तारांत सोडली त्याच वेळखंडातील वापरातून ती आधी वजा करावी. उरलेली वीज कमी मागणीच्या काळात सोडली असे मानावे. कमी मागणीचा काळ रात्रीचा होता तेव्हा या सूत्राने उरलेली वीज रात्रीच्या वापराला मिळत होती. तोच काळ सकाळी 9 ते 5 असा मानला, तर उरलेली वीज दिवसातच अडकून पडते. शब्द तेच राहतात, परिणाम मात्र नेमका उलटा होतो.

घरगुती ग्राहकाला हे सूत्र तसेच लावले तर काय होईल, ते एका उदाहरणाने पाहता येते. एका घराचा महिन्याचा वापर 250 युनिट आणि गाडीचा 150, असे एकूण 400 युनिट धरू. त्यांतले 120 दिवसा आणि गाडीसह 280 रात्री वापरले जातात. 3 किलोवॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या महिन्यात सुमारे 360 युनिट देतात. सर्व वेळांची एकत्र वजावट केली तर 40 युनिटांचे बिल येते. वेळखंडाने केली तर 280 युनिटांचे. 2024-25 मध्ये पहिल्या 100 युनिटांचा ऊर्जा आकार 4.71 रुपये आणि 101 ते 300 युनिटांचा 10.29 रुपये होता. त्या दराने पहिली रक्कम सुमारे 188 रुपये होते आणि दुसरी सुमारे 2,323. याच्या तुलनेत, गाडीचे सगळे 150 युनिट दिवसा वापरून 80 पैशांची सवलत घेतली, तरी वाचतात फक्त 120 रुपये. सवलतीने दिलेल्या रकमेच्या कितीतरी पट रक्कम वजावटीच्या एका ओळीने परत घेता येते.

यावर उत्तर दिले जाते की, ग्राहकाने गाडीच दिवसा चार्ज करावी. उत्तर योग्य आहे, पण अपुरे आहे. वरच्या उदाहरणात गाडी दिवसाकडे नेली, तर वेळखंडाच्या वजावटीतही बिल 130 युनिटांवर, म्हणजे सुमारे 780 रुपयांवर येते. फ्रीज, पंखा, दिवा यांची वेळ बदलता येत नाही. गाडीची बदलता येते, हे तिचे मोठे बलस्थान. मात्र यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या शिक्षकाची किंवा बँक कर्मचाऱ्याची गाडी दुपारी त्याच्याबरोबरच असते. साध्या 15 अँपिअरच्या सॉकेटवर रविवारी 9 ते 5 गाडी लावली, तर सुमारे 24 युनिट भरतात. चार रविवारांचे 96 युनिट होतात. गरजेचा एक तृतीयांश भाग तरीही उरतो. तो भागवायचा तर जिल्हा परिषद, तहसील, महाविद्यालये आणि बँका यांच्या वाहनतळांवर दुपारच्या चार्जिंगची सोय हवी. ती उभी न करता ग्राहकाला सवय बदलायला सांगणे म्हणजे जबाबदारी एकाच बाजूवर टाकणे होय.

तेव्हा स्वीकारण्याजोगी भूमिका अशी ठरते. दुपारची सवलत राहावी आणि वाढावी, कारण ती वापराला उन्हाच्या वेळेकडे वळवते. घरगुती छतांसाठी वजावट मात्र सर्व वेळांची एकत्रच राहावी. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांचे अनुदान देऊन सरकारनेच लोकांना छतावर पॅनेल बसवायला सांगितले. उरलेले पैसे घरांनी स्वतःच्या बचतीतून किंवा कर्जातून घातले आणि परतफेडीचा हिशेब त्या वेळच्या नियमांवर मांडला. पुढे कधी नियम बदलावाच लागला, तर तो नव्या जोडण्यांना, आधी सूचना देऊन लावावा. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या सौर ग्राहकांच्या विजेचा मोबदला मोठ्या प्रमाणात घटवला. पण जुन्या ग्राहकांना जोडणीपासून 20 वर्षे जुन्याच अटी ठेवल्या. दिलेला शब्द पाळण्याची ही किमान रीत आहे. संध्याकाळच्या महाग विजेवरचा खरा उपाय साठवणूक हा आहे. त्यासाठी डीपीच्या पातळीवर सामूहिक बॅटऱ्या उभारता येतील आणि घरच्या बॅटरीलाही पॅनेलप्रमाणे अनुदान देता येईल. वेळेचा दर ग्राहकाला कोणती वीज कधी वापरावी हे सांगतो, आणि ते सांगणे योग्यच आहे. त्याने स्वतःच्या छतावर तयार केलेल्या युनिटाचे मोल मात्र घड्याळाच्या काट्याने कमी करू नये.