काळे शौच : धोका किती, हे कसे ठरते?

घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला दोन दिवस काळे शौच होत असते; पण पोट दुखत नाही, म्हणून ते कोणी मनावर घेत नाही. वाचकहो, हे दुर्लक्ष जिवावर बेतू शकते. अन्ननलिका, जठर किंवा लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांत रक्तस्राव झाल्यास ते रक्त आतड्यातून पुढे जाताना पचते आणि शौच डांबरासारखे काळे, चिकट व उग्र दर्पाचे होते. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा पदार्थ दिसणे हेही त्याचेच लक्षण. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते. मात्र त्याला असा चिकटपणा व दर्प सहसा नसतो.

या रक्तस्रावाचे प्रमुख कारण म्हणजे जठरातील किंवा त्यापुढील आतड्यातील व्रण, अर्थात अल्सर. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू आणि डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी औषधे यांमुळे असे व्रण होतात. यकृताचा सिरॉसिस असल्यास अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटूनही मोठा रक्तस्राव होतो.

प्रत्येक रुग्णाचा धोका मात्र सारखा नसतो. तो अजमावण्यासाठी डॉक्टर ज्या गुणपद्धती वापरतात, त्यांपैकी एक ग्लासगो येथील डॉक्टरांनी 2000 साली मांडली. तिला ‘ग्लासगो-ब्लॅचफर्ड’ गुणांक म्हणतात. रक्तातील युरिया, हिमोग्लोबिन, वरचा रक्तदाब, नाडी, काळे शौच, शुद्ध हरपणे, यकृताचा विकार व हृदय निकामी होणे, या 8 गोष्टींवरून 0 ते 23 गुण मिळतात. वरचा रक्तदाब 110 पेक्षा कमी किंवा नाडी मिनिटाला 100 वा अधिक असल्यास गुण वाढतात. युरिया का पाहायचा? आतड्यात आलेले रक्त प्रथिनांप्रमाणे पचते, म्हणून तो वाढतो.

येथे गुण जितके कमी, तितके चांगले. 0 किंवा 1 गुण असलेल्या रुग्णाला बहुधा दाखल न करता, पुढील तपासणी ठरवून घरी पाठवता येते. गुण अधिक असल्यास रुग्णालयात ठेवून, रुग्ण स्थिर करून साधारणतः 24 तासांच्या आत दुर्बिणीतून तपासणी करतात. रक्तस्राव थांबवण्याचे उपचारही बहुतेक वेळा त्याच दुर्बिणीतून होतात.

हे गणित घरी मांडण्याचे नव्हे. रक्तस्रावाच्या प्रारंभी हिमोग्लोबिन जवळजवळ नेहमीसारखे दिसू शकते, कारण रक्त पातळ होण्यास काही तास लागतात. रक्तदाबासाठी घेतलेल्या काही गोळ्यांमुळे नाडीही वाढत नाही. म्हणूनच एखादा आकडा चांगला आला, म्हणून निश्चिंत राहू नये.

आपले काम वेगळे आहे. रुग्णाला विलंब न लावता रुग्णालयात न्या. चक्कर, थंड घाम, धाप किंवा रक्ताची उलटी असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. तपासणी होईपर्यंत खायला-प्यायला देऊ नका. सर्व औषधांची पाकिटे सोबत घ्या. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली गोळी आणि मद्यपानाची सवय लपवू नका. हृदयविकारासाठी चालू असलेली अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने कायमची बंद करू नका. तो निर्णय डॉक्टरांचा. शौचाचा रंग सांगण्यात कसला संकोच? धोक्याचे मोजमाप आपण दिलेल्या या माहितीपासूनच सुरू होते.