होल्डनचा दुखरा हात

जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' १९५१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिचा नायक होल्डन कॉलफिल्ड सोळा वर्षांचा, आणि पहिली काही पानं वाचून कुठलीही आई म्हणेल, काय बाई हा मुलगा! पाचपैकी चार विषयांत नापास, शाळेतून नाव काढलेलं (तीही पहिली शाळा नव्हेच), तोंडात शिव्या, हातात सिगरेट आणि उठता-बसता थापा. नाताळच्या सुट्टीआधीच रात्री वसतिगृह सोडतो आणि घरी न कळवता न्यूयॉर्कमध्ये भटकत राहतो. जग सारं त्याच्या लेखी ढोंगी.

आमच्या वाचनगटात हे पुस्तक घेतलं, तेव्हा एका मैत्रिणीने चौथ्या प्रकरणावरच ते परत केलं. "दोन ठेवून दिल्या असत्या ना वेळेवर, तर सरळ झाला असता," म्हणाली. तिने आणखी एकच प्रकरण वाचायला हवं होतं.

पाचव्या प्रकरणात होल्डन खोलीतल्या मित्रासाठी निबंध लिहून देतो. विषय निवडतो धाकट्या भावाचा, अ‍ॅलीचा, बेसबॉलचा हातमोजा. मैदानात उभं राहून वाचता याव्यात म्हणून अ‍ॅलीने त्यावर हिरव्या शाईने कविता लिहून ठेवलेल्या. १९४६ च्या जुलैत अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगाने गेला, अकरा वर्षांचा होता. होल्डन तेव्हा तेराचा. त्या रात्री तो गॅरेजमध्ये झोपला आणि तिथल्या सगळ्या काचा त्याने मुठीने फोडल्या. तेव्हापासून त्याला मूठ घट्ट वळता येत नाही, पावसात हात दुखतो. हाताच्या दुखापतीमुळे तो इस्पितळात होता, म्हणून भावाच्या अंत्यविधीलाही जाता आलं नाही. आणि घरचे काय ठरवतात? याला मानसोपचारवाल्याकडे न्यायचं, कशासाठी, तर काचा फोडल्या म्हणून!

मी वस्तीत काम करते. एखाद्या घरात मूल गेलं की बायका आईभोवती बसतात, ते बरोबरच आहे. पण पाहुण्यांना पाणी देत फिरणारं मागचं भावंड असतं ना, त्याला जो तो एकच सांगतो, "आता तूच आईला सांभाळायचं हं." त्याचं काय झालंय हे कोणी विचारत नाही. वर्षभराने शाळेतून तक्रार येते, मुलगा उद्धट झालाय म्हणून.

आपल्याकडेही 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर आहेच. त्या १९६३ च्या कादंबरीत त्याची लहान बहीण मनी देवीने जाते. त्याचा तिरकसपणा सगळ्यांच्या लक्षात राहतो, मनीचं जाणं मात्र पुष्कळांना सांगावं लागतं.

होल्डन आईला मात्र कधी टाकून बोलत नाही. अ‍ॅली गेल्यापासून ती सावरलेली नाही, हे त्याला ठाऊक आहे. शाळा सोडताना बॅगेत तिने नुकतेच पाठवलेले स्केट्स भरतो. ते चुकीच्या प्रकारचे निघालेत. पण दुकानात उभी राहून विक्रेत्याला वेड्यासारखे शंभर प्रश्न विचारणारी आई त्याला डोळ्यांसमोर दिसते आणि जीव कासावीस होतो. पुढे न्यूयॉर्कला उतरल्यावर टेलिफोनच्या बूथमध्ये शिरतो, कोणाला फोन करावा याचा वीसेक मिनिटं विचार करतो आणि एकही फोन न करता बाहेर येतो. त्याच्या साऱ्या थापांपेक्षा मला ती वीस मिनिटंच जास्त भीतीदायक वाटतात.

शेवटी त्याला अडवते ती दहा वर्षांची बहीण, फिबी. भाऊ घर सोडून दूर निघालाय कळल्यावर ही पोर उपदेश करत नाही, घरच्यांनाही सांगत नाही. त्याचीच जुनी बॅग ओढत, त्याचीच लाल टोपी घालून समोर येऊन उभी राहते. म्हणते, मीही येते. तो तिच्यावर ओरडतो, ती रडते, रुसते. आणि मग तो सांगतो, मी कुठेच जात नाहीये.