डोळे माणसाचे, मशीनचे नव्हेत

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय क्षुल्लक वाटेल: एकाच पीसीवर प्रत्येक युजर अकाउंटला वेगळं स्क्रीन रिझोल्यूशन का मिळू नये?

2001 मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि फास्ट युजर स्विचिंगमुळे घरातल्या प्रत्येकाला आपापलं दार मिळालं. वॉलपेपर ज्याचा त्याचा, माउसचा पॉइंटर ज्याचा त्याचा. रिझोल्यूशन मात्र मशीनचं! रजिस्ट्रीत ते युजरच्या नव्हे, 'लोकल मशीन'च्या खात्यात जमा होतं. विंडोज 11 मध्येही तेच. गंमत म्हणजे, रिझोल्यूशन बदलणाऱ्या एपीआयला 'सीडीएस ग्लोबल' नावाचा फ्लॅग आहे. तो दिला तर बदल सगळ्या युजर्सना, नाही तर फक्त त्या युजरला, असं मायक्रोसॉफ्टचं डॉक्युमेंटेशनच सांगतं. म्हणजे कल्पना सुचली नव्हती असं नाही. सेटिंग्जच्या खिडकीपर्यंत ती पोचलीच नाही, एवढंच.

आमच्या खोताच्या वाडीत गल्ली सगळ्यांची, पण जुन्या लाकडी घरांचे जिने बाहेरून, ज्याचे त्याचे. सामाईक काय आणि खाजगी काय, हे ती घरं बांधणाऱ्यांना बरोबर कळलं होतं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? गिरगावातली घरं लहान, पीसी एकच. नातू 1920 × 1080 वर कोड लिहिणार, सत्तरीतल्या आजी ई-पेपर वाचणार. अक्षर मोठं दिसावं म्हणून आजी 1280 × 720 करतात. संध्याकाळी नातू ओरडतो, "कोणी हात लावला?" असं दोन-तीनदा झालं की आजी माउसला हात लावणंच सोडतात. मग बँकेचं स्टेटमेंटही नातवाच्या सवडीने. माझा राग इथे आहे. सेटिंग सामाईक ठेवलं की ज्याचा आवाज मोठा, त्याचंच चालतं.

शहाणे इंजिनिअर म्हणतात, एलसीडीचं रिझोल्यूशन बदलूच नये, स्केलिंग वापरा. तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. 1080 चे 720 केले की पिक्सेल दीडच्या पटीत बसत नाहीत, अक्षर फुसकटतं. देवनागरीत तर 'घ' आणि 'ध', ऱ्हस्व आणि दीर्घ उकार एकमेकांत मिसळतात. शिवाय विंडोज 7 पासून (2009) स्केलिंग युजरनिहाय आहे. आजींच्या अकाउंटवर 150 टक्के ठेवा, अक्षर तेवढंच मोठं आणि वर स्वच्छ. जरूर करा! पण जुनी टायपिंगची, हिशोबाची सॉफ्टवेअर्स स्केलिंगला जुमानत नाहीत. विंडोज त्यांचं चित्र ताणून दाखवतं, की पुन्हा धूसर. म्हणून लोक रिझोल्यूशनकडे वळतात. त्यांना अडाणी म्हणू नका.

लिनक्सवर गनोम मॉनिटरची मांडणी युजरच्या होम फोल्डरमधल्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवतं. म्हणजे हे अशक्य मुळीच नाही.

विंडोजवर तोवर जुगाड: टास्क शेड्युलरमध्ये प्रत्येक युजरसाठी रिझोल्यूशन बदलणारी कमांड लावा. फक्त 'लॉग ऑन'चा ट्रिगर पुरत नाही, कारण युजर स्विच करून परत आलं की तो चालत नाही. 'युजर सेशनशी कनेक्शन'चा ट्रिगरही जोडा.

ज्याच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्याने या रविवारी हे अर्ध्या तासाचं काम करावं. आणि तुम्ही स्वतः सॉफ्टवेअर लिहीत असाल, तर पुढचं सेटिंग मशीनच्या खात्यात टाकण्याआधी एकदा विचारा: हे नक्की कोणाचं?