झाडात काय बघायचं?

मुंबईत घर असणं हा गुन्हा आहे आणि पाहुणे ही त्याची शिक्षा आहे, असं आमच्या शेजाऱ्यांचं मत आहे. मी त्या मताचा नाही. पाहुणे आले म्हणजे मला आनंदच होतो. फक्त रविवारी सकाळी चहाच्या कपाबरोबर ‘मग, आज काय दाखवणार?’ हा प्रश्न पुढे आला की तो आनंद किंचित मावळतो. खरं तर दाखवायचं काय हे ठरलेलंच असतं. गेटवे, चौपाटी, म्हातारीचा बूट आणि राणीची बाग. पहिल्या तीन ठिकाणी माणसं दिसतात. चौथ्या ठिकाणी जनावरं दिसतात. तेवढाच पाहुण्यांना बदल.

या हिशेबाने मी आजवर राणीच्या बागेत निदान चाळीस वेळा गेलो असेन. पाणघोड्याची पाठ मला तोंडपाठ आहे. तो पाण्यातून मान वर काढील म्हणून मी पाहुण्यांच्या तीन पिढ्यांसह कठड्याला टेकून उभा राहिलो आहे. माकडांनी मला पाहिलं आहे. पेंग्विन पाहिले, हरवलेली मुलं पाहिली, तुटलेल्या चपला पाहिल्या. फक्त बाग तेवढी पाहिली नव्हती. जिच्या नावातच ‘बाग’ आहे तिथे बाग पाहायची असते, हे ध्यानात यायला कोकणातून आमच्या मामांना यावं लागलं.

फेब्रुवारीतला रविवार होता. भायखळा स्टेशनवर उतरून मी, मामा आणि मामांचा सात वर्षांचा नातू असे तिघे निघालो. नातवाने रत्नागिरीपासूनच ‘काका, पेंग्विन!’ असा धोशा लावला होता. तेव्हा आधी पेंग्विनची रांग धरली. रांग बऱ्यापैकी पुढे सरकली आणि मागे वळून पाहतो तो मामा नाहीत! रांग सोडावी तर पेंग्विन जातात, न सोडावी तर मामा जातात. शेवटी मनावर दगड ठेवून रांग सोडली आणि नातवाच्या भोकाडाच्या साथीने मामांचा शोध सुरू केला.

मामा एका झाडाखाली उभे होते. धोतराचा सोगा हातात, मान मागे टाकलेली, तोंड किंचित उघडं. पाणघोड्यापुढे आमची जशी अवस्था होते अगदी तशी.

“मामा, अहो चला! अजून पाणघोडा राहिलाय.”

“असू दे. तो काय पळून जातोय?”

“मग झाड तरी कुठं पळून जातंय?”

मामांनी मान खाली आणली आणि माझ्याकडे पाहिलं. “तुमच्या बिल्डिंगखाली बदाम होता. गेल्या खेपेस मी त्याच्याखाली बसून पेपर वाचायचो. तो कुठं गेला रे?”

मी घड्याळात पाहिलं.

बदाम कुठं गेला हे मला नक्की माहीत होतं. ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर पुढे मी लोकांना जे चार शब्द सुनावणार आहे ते तुम्ही मुळीच ऐकून घेणार नाही.

माझं म्हणणं असं, की झाडं उभी असलेली जागा ही आपल्या हिशेबी रिकामी जागा असते. एखाद्या खोलीत कपाट असलं, तर ‘इथे कपाट आहे’ असं आपण म्हणतो. पण पाचशे झाडं असलेल्या जागेकडे बोट दाखवून आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘तिकडे बरीच मोकळी जागा आहे!’ आणि एकदा जागा मोकळी ठरली, की तिथे काय आणून ठेवावं याचा विचार माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

राणीच्या बागेची सगळी कुंडलीच या ग्रहाखाली मांडलेली आहे. ही बाग आधी इथे नव्हतीच. मुंबईच्या कृषी आणि बागकाम मंडळींची बाग शिवडीला होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी उपयोगी पडली. म्हणजे आमच्या शहरात झाडांची जागा नुसती जिवंत माणसांनाच लागते असं नाही, मेलेल्यांनाही लागते! मग भायखळ्याला नवी बाग झाली आणि १८६२ साली लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली. व्हिक्टोरिया राणीचं नाव दिलं म्हणून ती राणीची बाग. पुढे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झालं. पण मुंबईकरांच्या तोंडी राणी बसली ती बसलीच. बाग मात्र ज्या कामासाठी लावली ते काम स्वच्छ होतं. देशोदेशीची झाडं आणावीत, वाढवावीत, लोकांनी ती येऊन पाहावीत. त्या वेळची मंडळी खुळी म्हणायची. लोक झाडं पाहायला येतील अशी त्यांची खरोखरच समजूत होती.

१८९० साली बागेत जनावरं आली आणि समजूत पार पडली. जनावर हलतं, ओरडतं, खातं. झाडही खातं आणि वाढतं, पण ते आपल्याला कळत नाही, कारण त्यासाठी आठवडाभर तिथे उभं राहावं लागतं आणि आपल्याला तर पाच चाळीसची लोकल गाठायची असते. मग बाग म्हणजे शहराची अडगळीची खोलीच झाली. घारापुरीचा दगडी हत्ती इंग्रज विलायतेला न्यायला निघाले आणि उचलताना तो फुटला. त्याचे तुकडे कुठे जोडायचे? राणीच्या बागेत! १९१४ साली तो तिथे उभा राहिला; आता शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात असतो. काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्ड महाराज स्वातंत्र्यानंतर डोळ्यांत खुपू लागले. त्यांना कुठे ठेवायचं? १९६५ साली राणीच्या बागेत! घोड्याला निदान सोबत तरी मिळाली. २०१६ साली सेऊलहून आठ पेंग्विन आले. त्यांना पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा थंडावा हवा, म्हणून १६ ते १८ अंशांची खोली बांधली. इथे बाहेर घामाने चिंब झालेला बाप पोराला खांद्यावर घेऊन रांगेत उभा आणि आत पाहुणे वातानुकूलित! पण हे मी कुणाला हसू? आमच्या घरीही पंख्याखालची खाट पाहुण्यांनाच असते.

आता कुणी म्हणेल, तुमचं प्राण्यांशी काही वाकडं आहे काय? मुळीच नाही. पाणघोड्याशी तर माझा घरोबा आहे. पण बागेत प्राणी असणं वेगळं आणि प्राण्यांपुढे बाग नसणं वेगळं. दुसरं कुणी म्हणेल, लहान मुलांना झाडातलं काय कळणार? त्याचं उत्तर पुढे येईल. तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस. तो आमच्या हिचा आहे. ‘झाडात काय बघायचं? ते तर सगळीकडे असतं!’

सगळीकडे असतं? बरं, उर्वशी पाहिलीय कधी? मूळची ब्रह्मदेशची. १८२७ च्या सुमारास वालिक नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती तिथल्या एका मठाच्या बागेत आढळली आणि तो वेडाच झाला. लाल फुलांचे घोस असे खाली लोंबतात, की दिवाणखान्यात झुंबर टांगल्यासारखं वाटावं. ती सहजासहजी रुजत नाही, वाटेल त्या हवेत वाढत नाही, नखरे अगदी नावाला शोभणारे. तिला फुलझाडांची राणीच म्हणतात. म्हणजे राणीच्या बागेत एक खरीखुरी राणी आहे आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून उभं राहून, पोराला भेळ भरवत, ‘पाणघोडा कुठल्या बाजूला हो?’ असं विचारतो आहोत.

मामा ज्या झाडाखाली सापडले तो कैलासपती. त्याची फुलं फांदीला येत नाहीत, सरळ खोडाला येतात. फळं तोफेच्या गोळ्याएवढी. फुलात पाहिलं तर नागाने पिंडीवर फणा धरलेला. हे झाड आलं दक्षिण अमेरिकेतून आणि आपण त्याला थेट कैलासावर नेऊन बसवलं! इतकं अगत्य आपण सहसा परदेशच्या जावयालाही दाखवत नाही. आणि आफ्रिकेहून आलेली गोरखचिंच? खोड असं, की एखाद्या हत्तीने मान खाली खुपसून फक्त पाय वर ठेवले असावेत. ती पाण्याचा साठा खोडात करून ठेवते. ज्या शहरात नळाला पाणी सकाळी सहाला येतं तिथे हे झाड आदर्श नागरिक म्हणून दाखवायला हवं.

अशी ३ हजारांहून अधिक झाडं तिथे आहेत आणि त्यांच्या २८० च्या आसपास जाती. हे आकडे ठाऊक झाले तेही, बागेच्या मोठ्या फेररचनेचा आराखडा आला तेव्हा काही नागरिक ‘ही आधी वनस्पतींची बाग आहे’ म्हणून भांडायला उठले म्हणून. दीडशे वर्षं उभ्या असलेल्या झाडांना ‘आम्ही इथे आहोत’ हे सांगायला माणसं लागली. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्याही आहेत. पण आपण बागेत पाटी वाचतो ती ‘प्रसाधनगृह’ एवढीच.

आणि एक गंमत सांगतो. ज्यांच्यासाठी रांग लागते त्या पेंग्विनांचं नाव हम्बोल्ट पेंग्विन. हा हम्बोल्ट म्हणजे कोण? जर्मन शास्त्रज्ञ. १८०२ साली तो दक्षिण अमेरिकेतला चिंबोराझो डोंगर चढला, का तर खालून वर कुठली झाडं कुठवर वाढतात ते पाहायला! म्हणजे ज्या गृहस्थाने झाडं पाहण्यासाठी बर्फात जीव धोक्यात घातला, त्याच्या नावाचे पक्षी पाहायला आम्ही उर्वशीच्या अंगावरून धावत जातो. तो गृहस्थ आज भायखळ्याला आला, तर मी सांगतो, तो पेंग्विनच्या रांगेत उभा राहणार नाही. मामांच्या शेजारी उभा राहील.

त्या दिवशी नातवाची समजूत काढायला मामांनी त्याला गोरखचिंचेपाशी नेलं. “हिला मिठी मार बघू.” त्याने मारली. हात पुरेनात. मामांनी त्याचा एक हात धरला, दुसरा मी धरला. तिघांचे हात लावूनही झाड कवेत येईना. रविवारी भर गर्दीत मी, इस्त्रीचा शर्ट घातलेला सभ्य गृहस्थ, झाडाला चिकटून उभा होतो आणि येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते. राणीच्या बागेत मला माणसांनी पाहिलं असा तो पहिलाच प्रसंग.

नंतर आम्ही पेंग्विनही पाहिले. घरी आल्यावर हिने नातवाला विचारलं, “काय काय बघितलंस रे?”

“पेंग्विन. आणि एक एवढं जाडं झाड! आम्हा तिघांत मावलंच नाही.” पेंग्विन एका शब्दात संपले. झाडाची गोष्ट जेवण होईपर्यंत चालू होती. मुलांना झाडातलं काय कळतं याचं उत्तर ते हे.

आता बदामाची गोष्ट सांगून टाकतो. आमच्या सोसायटीत गाड्या वाढल्या. सभेत कुणीतरी उठून म्हणालं, ‘मागे बरीच मोकळी जागा आहे.’ त्या मोकळ्या जागेत बदाम होता. झाड तोडायचं तर १९७५ चा कायदा आड येतो, परवानगी लागते. म्हणून अर्जात बदाम ‘धोकादायक’ ठरला. इतक्या वर्षांत त्याने केलेला धोका म्हणजे एका स्कूटरवर पानं टाकली आणि मामांना सावली दिली. अर्जाखाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. सातवी सही माझी. मी तो अर्ज वाचलाही नव्हता. झाडात काय वाचायचं? तिथे आता दोन गाड्या उभ्या असतात. त्यातली एकही माझी नाही. म्हणजे मी ते पाप निव्वळ परोपकारबुद्धीने केलं.

मामांना हे सांगायचा धीर मला परत जाताना स्टेशनवर झाला. ते काही बोलले नाहीत. गाडी हलल्यावर खिडकीतून एवढंच म्हणाले, “दुसरं लाव.” मी लावीनही. पण कुठं? मोकळी जागा नाही!

परवा सोसायटीची नोटीस आली. विषय क्रमांक चार : ‘गेटजवळील अडचण दूर करणे.’ गेटजवळ जाऊन पाहिलं. अडचण म्हणजे जांभूळ. यंदा मी सही केलेली नाही. चिटणीस वर आले, चहा घेतला आणि म्हणाले, “अहो, तुमच्या एकट्यासाठी सगळं अडून राहिलंय. त्या झाडात एवढं आहे तरी काय?”

मी म्हटलं, “रविवारी मोकळे आहात का? राणीच्या बागेत चला. दाखवतो.”